मावशीच्या वर्गातला लिलाव

माझ्या धाकट्या मावशीपुढे पाच मिनिटं गप्प बसू शकेल असा माणूस सबंध डहाणू तालुक्यात मिळायचा नाही. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई उतरेपर्यंत सुनेची तक्रार, गुडघ्याचं औषध आणि वाल शिजवायची पद्धत सांगून मोकळी होते. एकदा दाताच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात हत्यार घातलं, तर नुसत्या भुवया उडवून तिनं त्यांच्या लग्नाची हकिगत काढून घेतली. अशी ही बाई मराठीची शिक्षिका. बदली होऊन ती तलासरीकडे, झरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तिची जिरली. पाचवीची सगळी मुलं तिच्याकडे बघत मुकाट बसून राहिली. घरी वारली बोलणाऱ्या त्या मुलांना पुस्तकातली मराठी म्हणजे पाहुण्यांसमोर घालायचे कपडे वाटायचे. मळतील म्हणून ती घालायचीच नाहीत.

मावशी मूळची वरोरची. माझी आजी किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात उभी राहायची आणि लहानगी मावशी टोपली राखायची. "बाजारात तोंड मिटून बसलं तर बोंबील घरी परत येतात," म्हणत तिनं वर्गातच लिलाव मांडला. फळ्यावर 'मासा आला' एवढंच लिहायचं आणि पुकारायचं, "बोला, याच्यावर कोण चढवतो?" ज्यानं त्यानं वाक्य थोडं वाढवायचं. शेवटच्या बोलीवर डस्टर आपटून एक, दोन, तीन झालं की वाक्य त्याच्या नावावर. महिन्याभरात असा गलका व्हायला लागला की शेजारच्या वर्गातले गणिताचे गुरुजी दोनदा तक्रार घेऊन आले आणि तिसऱ्यांदा आले ते बोली लावायला.

बोलत नव्हती ती एकटी वनिता. तिचे आईबाप दिवाळीनंतर कामाला गुजरातेत जायचे. "शाळेत ती मुकीच बसते ना, बाई? मग ठेवून काय करू? बरोबर आली तर धाकट्याला तरी सांभाळील," बाप म्हणाला. मावशीचं जेवणातलं लक्ष उडालं. मला फोनवर म्हणाली, "चूक माझीच रे. मोठ्या आवाजाच्या पोरांचाच बाजार झाला इथं. लिलावात माझी आई कुठं ओरडायची? नुसतं बोट वर करायची, तरी तिची बोली धरायचेच ना?"

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. बोट वर केलं की मावशीनं जवळ जाऊन कान द्यायचा. वारलीत सांगितलं तरी चालेल, त्याचं मराठी करायचं काम वर्गाचं. चौथ्या दिवशी वनिताचं बोट वर झालं. तिनं कानात सांगितलेलं मावशीला अर्धंच कळलं, पण वर्गानं मिळून त्याचं झकास वाक्य केलं. त्या खुशीत मावशीनं वनिताच्या बापाला वर्ग बघायला बोलावलं.

त्या दिवशी मी मावशीकडेच होतो; तिची एसटी चुकली, म्हणून मोटरसायकलवरून तिला सोडायला मी गेलो आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. बाप दारातच उभा होता. फळ्यावर वाक्य होतं, 'आई कामाला गेली.' बोली चढत गेली. आई सकाळी गेली, भाकरी बांधून गेली, टेम्पोत बसून गेली. वनितानं बोट वर केलं. मावशी कान द्यायला निघाली, तर ती उठून उभी राहिली आणि जागेवरूनच म्हणाली, "आई कामाला गेली, मी आजीजवळ राहिली, रोज शाळेत आली."

कुणी पुढं चढवलं नाही. मावशीला डस्टर आपटायचंही सुचलं नाही.  बाप दारातूनच म्हणाला, "राहू दे तिला, बाई."

परतीच्या वाटेवर मावशीनं ती हकिगत मला, म्हणजे तिथंच बसून ऐकलेल्या माणसाला, चार वेळा सांगितली. मीही चारही वेळा आनंदानं ऐकली.

आठवड्यानं वनिताच्या आईबापांना घेऊन टेम्पो गुजरातेत गेला. संध्याकाळी मावशीचा फोन आला. "वनिता आज हजेरीला केवढ्यानं 'हजर' म्हणाली," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा रडली नाही म्हणे. पण मधल्या सुट्टीत माझा हात धरून बसली, सोडेचना. दहा वर्षांची पोर रे. मी तिला आईपासून तोडली तर नाही ना?"

मी "नाही" म्हणालो. पण म्हणायला मला वेळ लागला, आणि तो तिला कळला.