स्वतःहून गेलेला चेनवाला

माझा धाकटा भाऊ बॅगा दुरुस्त करतो. चेन, पट्टे, कड्या, फाटलेली अस्तरं. गल्लीत सगळे त्याला चेनवालाच म्हणतात. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पट्ट्याखाली, आतल्या बाजूने, तो पिवळ्या दोऱ्याचे तीन तिरके टाके घालायचा. तोच पट्टा पुन्हा उसवला तर काम फुकट, आणि आपलं काम कुठलं ते टाक्यांवरून ओळखायचं. मी चिडवायची, "चित्रकार लागून गेलास की नाही, सही करायला!"

बाजारात स्फोट झाला त्यात आमच्या ओळखीची फुलवाली गेली. चांगली हसरी बाई. ज्यांनी हे केलं त्यांना पकडायलाच हवं होतं, याबद्दल माझं कुणाशी दुमत नाही. मग टीव्हीवर बॉम्ब ठेवलेल्या बॅगेच्या जळक्या पट्ट्याचा फोटो दाखवला. कुणी ओळखत असेल तर कळवा म्हणाले. भाऊ भरल्या ताटावरून उठला.

"ताई, हे टाके माझे आहेत."

"गप जेव," मी म्हणाले. त्याच्या बायकोनेही डोळे वटारले.

"बॅग कुणी आणली होती तो चेहरा आठवतोय मला. सांगायला नको?"

इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि लग्नाला निघाल्यासारखा चौकीत गेला. त्याला आत ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि भावजय चौकीत गेलो. साहेबांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. कशासाठी धरलंय? नव्या कायद्यात कारण सांगता येत नाही. कुठे ठेवलंय? तेही सांगता येत नाही. वकील?

"द्या की," साहेब म्हणाले. "फक्त पुरावे त्यांनाही बघता येणार नाहीत."

"मग वकिलाने इथे येऊन काय करायचं, भिंती रंगवायच्या?"

साहेब गोड हसले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

शेजाऱ्यांची त्याहून जास्त. औषधांच्या दुकानातला म्हणाला, "काहीतरी असल्याशिवाय कशाला नेतील?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिना अडवून उभे राहिले. "सगळ्यांच्या सुरक्षेसाठी थोडं सोसावं लागतं हो."

"सर, सोसतंय कोण? तुम्ही तर दोन्ही वेळ चहा पिताय."

त्यांनी तोंड फिरवलं. भावाने ज्या बायकांच्या बॅगा फुकट शिवून दिल्या होत्या, त्यांनी कात्रीने ते टाके काढून टाकले. कोपऱ्यावरच्या कचऱ्यात पिवळे दोरे दिसायचे. याच बायका माझ्या भावजयीला विचारायच्या, "काही कळलं का गं?" वरून डोळे पुसायच्या.

थंडीत नेलेला माणूस ऐन उन्हाळ्यात सोडला. आरोप नाही, माफी नाही. आत काय झालं ते बाहेर बोलणार नाही, अशी सही मात्र घेतली. मला दारापर्यंत पोचवताना साहेब हळूच म्हणाले, "मदत झाली हो तुमच्या भावाची. त्याने वर्णन केलं तोच माणूस सापडला."

"कधी?"

"झाले की चार महिने."

म्हणजे खरा माणूस हातात आल्यावरही याला डांबून ठेवला होता! का, ते विचारलं. चौकशी पूर्ण व्हावी लागते म्हणे. मी त्यांच्या दारातच थुंकले. भावजयीने मला ओढत नेलं.

भाऊ पुन्हा दुकानात बसतो. काम तसंच सफाईचं, टाके तेवढे घालत नाही. कुणी विचारलं तर मान खाली घालून सुई ओवत राहतो. वेळ जाईल तसा ताळ्यावर येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं बसस्थानकावर होतो. बाकाखाली एक काळी बॅग पडलेली, जवळ कुणी नाही. त्याच बाकावर एक बाई पोराला भरवत होती. मी सुरक्षारक्षकाकडे निघाले, तर भावाने माझं मनगट धरलं.

"ताई, चल इथून. आपण काही पाहिलं नाही."

"अरे, पोर आहे तिथे!"

"सांगायला गेलीस तर नाव विचारतील."

मी त्याचा हात झटकला आणि बाकाजवळ जाऊन ओरडले, "ही बॅग कुणाची आहे?" बाईने पोराला उचलून धूम ठोकली. माणसं मागे सरकली. तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन धापा टाकत आले. "माझी, माझी! सुट्टे आणायला गेलो होतो." सगळे हसले. मलाही हसू फुटलं.

मी मागे वळले. भाऊ नव्हता. आमची बस फाटकातून बाहेर पडत होती आणि तो खिडकीत बसून दुसरीकडे बघत होता. त्या बॅगेत बॉम्ब असेल असं त्याला खरंच वाटलं होतं, आणि तिच्याजवळ मला सोडून तो निघून गेला होता.