उलट्या काचेतल्या सासूबाई

एका रविवारी सासूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं की त्यांना भिंतीवर लावायचा फोटो आत्ताच, हयातीत, काढून हवा आहे.

"नाहीतर तुम्ही ऐनवेळी आधार कार्डावरचा मोठा करून आणाल आणि त्याला हार घालाल. ते मला चालणार नाही."

समोरच्या भिंतीवर सासरे होते. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो सापडला नव्हता, म्हणून मतदान ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला होता. स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने त्यांना कोट चढवला. सासऱ्यांनी उभ्या जन्मात कोट घातला नव्हता. शिवाय मोठं करण्याच्या भानगडीत एक कान दुसऱ्यापेक्षा जरा जास्तच मोठा झाला होता.

"बघा ना, दुसऱ्याच्या लग्नात शिरलेत आणि कुणी ओळखेल म्हणून घाबरलेत, असे दिसतात," सासूबाई म्हणाल्या.

नवरा हसला, मी हसले नाही. मी आत जाऊन लेन्स बघायला लागले होते. हा फोटो मी काढणार, यात मला शंकाच नव्हती. लग्न होऊन मी कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हापासून सासूबाई आणि मी एका घरात राहतोय. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांना चालणारी भाजी, न चालणारे नातेवाईक, सगळं मला पाठ. हडपसरला कंपनीत दिवसभर स्क्रीनकडे बघून झाल्यावर मला जो एक नाद आहे तो फोटोंचा, आणि त्यातही जुन्या रशियन लेन्सचा. मग भिंतीवर कायमच्या राहणाऱ्या सासूबाई दुसरं कोण काढणार?

या लेन्स कशा असतात ते थोडं सांगायला हवं. कॅमेरा आजचा, पण त्याच्यापुढे एक जोड-कडी लावून ही जुनी, धातूची, वजनदार लेन्स आट्यांवर फिरवून बसवायची. तिच्यात आपोआप काही होत नाही. चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत कडं हाताने फिरवत राहायचं. नव्या लेन्स एकसारख्या असतात, या नसतात. एकाच नावाच्या, एकाच कारखान्याच्या दोन लेन्स शेजारी ठेवा, एक देवमाणूस निघेल आणि दुसरी भांडकुदळ. म्हणून त्या ऑनलाइन फोटो बघून घ्यायच्या नाहीत, हातात घेऊन निवडायच्या. मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारायचा आणि दुसऱ्या बाजूने आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लगेच खाली ठेवायची. उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती तेलकट आहेत का, कडं अडकतं का, हलवल्यावर काही खुळखुळतं का, हे सगळं बघायचं. पुण्याच्या पावसाळ्यात तर बुरशी पाहुण्यासारखी येते आणि जायचं नाव घेत नाही. माझ्या लेन्स मी स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवते. त्या डब्यात पूर्वी शेवया असायच्या.

हे सारं मी वर्षानुवर्षं शिकले. आणि मग ते सगळं, आयतं, माझ्या धाकट्या जावेला शिकवलं.

ती धायरीला राहते, बालवाडीत शिकवते, आणि जगातल्या प्रत्येकाला आवडते. हा दोष म्हणावा तर म्हणता येत नाही, आणि तरी मी तो इतकी वर्षं मोजत आले आहे. दिराने वाढदिवसाला तिला कॅमेरा दिला आणि ती थेट माझ्याकडे आली. "ताई, मला तुमच्यासारखी जुनी लेन्स घ्यायचीय. चला ना माझ्याबरोबर." तेव्हा मला बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्याला जाणकार म्हणतंय याचं सुख मोठं असतं, आणि मी त्याला भुलले.

सासूबाईंच्या त्या घोषणेनंतरच्याच शनिवारी आम्ही दोघी हडपसरला एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो. त्यांच्याकडे जुन्या लेन्सनी भरलेलं कपाट होतं आणि बायको म्हणत होती की दिवाळीच्या आत ते रिकामं झालं पाहिजे. टेबलावर त्यांनी हेलिओस नावाच्या तीन रशियन लेन्स मांडल्या. चेहऱ्यांसाठी ही लेन्स चांगली, मागची झाडं गोल फिरल्यासारखी दिसतात, एवढं जावेलाही ठाऊक होतं. मी टॉर्च काढला. पहिलीत बुरशी होती. दुसरी काळी, निर्मळ, कडं लोण्यासारखं फिरणारं. अशी लेन्स हातात येणं म्हणजे भाग्य. तिसरी चंदेरी, पुढच्या काचेवर बारीक ओरखडे, आणि पुढच्या कड्यावर कुणीतरी पकडीने धरल्याच्या खुणा. म्हणजे कुणीतरी ती घरी उघडली होती.

"ही घे," मी काळी लेन्स तिच्यापुढे केली. हे मी मनापासून केलं, याची इथे नोंद असावी.

तिने चंदेरी उचलली. "ही किती गोड आहे!"

"अगं, लेन्स आहे ती, बाळ नाही. ओरखडे बघ. कुणीतरी उघडून खेळलंय तिच्याशी."

"असू दे ना ताई. काळी तुम्ही घ्या. तुम्हाला शोभते."

तर काळी मी घेतली. परत येताना रिक्षात मी मनोमन खूश होते, आणि ती चंदेरी लेन्स ओढणीच्या टोकाने पुसत होती. पुसू नकोस, काच खराब होते, असं मी सांगितलंसुद्धा.

सोमवारी संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा पहिला फोटो आला. बालवाडीतली एक मुलगी, मधोमध चेहरा लख्ख, आणि कडेचं सगळं जग विरघळून गेलेलं. भिंती, बाकं, खिडकी, सगळं तिच्याभोवती वाहत चाललं होतं. मी बघताक्षणी ओळखलं. ज्याने कुणी लेन्स उघडली होती त्याने काच पुसून परत बसवताना पुढची काच उलटी बसवली होती. जुन्या लेन्स घरी उघडणाऱ्यांची ही नेहमीची चूक. काच दोन्हीकडून काचच दिसते, पण तिला पोट आणि पाठ असते.

मी लगेच फोन केला. "तुझ्या लेन्समध्ये काच उलटी बसलीये. घेऊन ये, मी सरळ करून देते. काही मोठं काम नाही."

"चुकलंय होय!" ती खदखदून हसली. "राहू दे ना ताई, मला असंच आवडतंय."

तिला आवडतंय ते एक वेळ समजू शकते. ग्रुपवर सगळ्यांनाच आवडलं. नणंदेने एवढी बदामं टाकली की स्क्रीन लाल झाला. चुलत सासऱ्यांनी, जे एरवी फक्त सुप्रभात पाठवतात, लिहिलं, "अप्रतिम. कलाकार आहेस." त्याच दिवशी मी माझ्या निर्मळ काळ्या लेन्सने काढलेला सोनचाफ्याचा फोटो टाकला होता. पाकळीवरची शीर न् शीर दिसत होती. त्याला तीन अंगठे आले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा, आणि तो शेजारच्या खोलीतून आला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याची चूक हिच्या पदरात पडते आणि कला होते. मी आयुष्यभर नीट वागून, नीट निवडून, नीट फिरवून काय मिळवलं? अंगठे. नवऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "तुझे फोटो पण छान असतात." या 'पण'साठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आणि मग जावेने ग्रुपवरच विचारलं, "आईंचा भिंतीवरचा फोटो आम्ही दोघींनी काढला तर? आईंना आवडेल तो ठेवू." सगळ्यांना कल्पना फार आवडली. माझ्या मनात मात्र एकच होतं. त्या भिंतीवर सासूबाई कायमच्या जाऊन बसणार. वर्षश्राद्धाला, दिवाळीला, येणारा-जाणारा त्या फोटोपुढे हात जोडणार. तो माझाच असायला हवा. सोबत राहिले ती मी. धाकटी रविवारी येते, गजरा आणते आणि जाते.

पुढच्या रविवारी सासूबाई मोतिया रंगाची साडी नेसून तयार झाल्या. पहिली पाळी मोठ्या सुनेची. मी त्यांना गॅलरीच्या दाराशी, जिथे उजेड मऊ येतो, तिथे खुर्चीत बसवलं. मागचे वाळत घातलेले कपडे काढले. हनुवटी जरा खाली, खांदा इकडे. मग कडं फिरवायला लागले. जुन्या लेन्सने डोळा नेमका स्पष्ट करायचा तर वेळ लागतो. पापणी स्पष्ट आणि डोळा पुसट, असं होऊन चालत नाही.

"आई, हलू नका."

"अगं, पुढे जन्मभर हलायचंच नाहीये त्या फोटोत. आत्ता तरी हलू दे."

"एकच मिनिट."

"तू मिनिट म्हणतेस, तुझे सासरे असते तर तेवढ्यात चहा पिऊन झोपले असते."

मी चिकाटीने काढले. चांगले आले, खरंच चांगले आले. भुवईचा प्रत्येक केस, नाकावरच्या चष्म्याच्या खुणा, कानातल्या कुड्यांचा मोती न् मोती.

मग धाकटीची पाळी. तिने खुर्ची हलवली नाही, हनुवटी हलवली नाही. तिला कडं नीट फिरवताच येत नाही, म्हणून ती कडं तसंच सोडून स्वतःच पुढेमागे डुलते, आणि चेहरा स्पष्ट दिसला की बटण दाबते. लहान मुलांना बडबडगीत शिकवताना डुलतात तशी. मी तिच्या मागे, कपाटाला टेकून उभी होते आणि ती लेन्स कशी धरते ते बघत होते. तिची बोटं काचेला लागत होती. मला ते सहन होत नव्हतं. कट्, कट्, झालंसुद्धा.

दोघींचे निवडक फोटो मोठे करून आणले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले. सासूबाईंनी चष्मा पुसला. माझ्याकडे, म्हणजे माझ्या फोटोकडे, त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा अगदी हुबेहूब आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवायला बरा." आणि धाकटीचा फोटो उचलून त्यांनी छातीशी धरला. "हा ठेवा."

धाकटीने टाळ्या वाजवल्या आणि लगेच माझ्याकडे बघून थांबवल्या. ते थांबवणं मला टाळ्यांपेक्षा जास्त लागलं. चहा टाकते म्हणून मी आत गेले आणि चहा न टाकताच परत आले.

"आई, पण का? त्याच्यात निम्मं धूसर आहे. लेन्सच चुकीची आहे ती. काच उलटी बसलीये."

"असेल बाई. पण मी हसतेय ना त्याच्यात."

ते खरं होतं. तिच्या फोटोत गॅलरी, कुंड्या, भिंत, सगळं कडेला विरघळलं होतं आणि मधोमध सासूबाई हसत होत्या. ओठांनी नाही, ओठ मिटलेलेच. डोळ्यांनी. एखाद्याचा लाड करायचा असतो आणि त्याला कळू द्यायचं नसतं, तेव्हा माणूस हसतो तसं. हे हसू मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ते त्यांनी धाकटीसाठी राखून ठेवलं होतं, या विचाराने माझा अगदी जळफळाट झाला.

"तिच्याकडे बघून बरं हसू येतं तुम्हाला," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून.

"तिच्याकडे?" सासूबाईंनी फोटो माझ्यापुढे धरला. "नीट बघ. मी कॅमेऱ्यात बघतेय का?"

नव्हत्या बघत. नजर कॅमेऱ्याच्या जरा वरून, धाकटीच्या खांद्यावरून मागे गेली होती. मागे कपाट होतं.

"तोंड एवढं फुगवून उभी होतीस तू तिथे," त्या म्हणाल्या. "नवीन आलेलीस तेव्हा मी तुझी आमटी बाजूला सारली, तर अशीच उभी राहिली होतीस ओट्याशी. एवढी मोठी झालीस, कंपनीत माणसं हाताखाली आहेत, पण रुसणं काही बदललं नाही तुझं. मला हसूच आवरेना."

त्यांनी फोटो जुन्या साडीत गुंडाळला आणि कपाटात वरच्या खणात ठेवायला माझ्याकडे दिला. मी तो ठेवला नाही, आतल्या खोलीत नेऊन पुन्हा उघडला. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, आणि ते पाहिलं धाकटीने. मी तेव्हा तिथेच, समोर उभी होते, आणि तिच्या हातातल्या लेन्सकडे बघत होते.