कारभारीच्या लेकीचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण माहेरी आईच नसेल तर ते माहेर कसलं, असं व्याह्यांनी आडून आडून सुचवून पाहिलं. कारभारी काही ऐकायला तयार नव्हता. भावनाला सातवा महिना सरला तसा तो जालन्याला गेला, जावयाच्या खोलीवर चहा घेतला आणि लेकीला एसटीत खिडकीशी बसवून राजूरजवळच्या आपल्या गावी घेऊन आला. जावई सूरज एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. भट्टीपुढं पाळ्या करणारा गडी, पण बायकोला निरोप देताना त्याचा चेहरा पार उतरला.

"आबा, तुम्ही एकटे कसं करताल?" त्यानं विचारलं.

"आजवर कुनी केलं मंग?" कारभारी म्हणाला.

ते खोटं नव्हतं. चार एकर कपाशी, एक म्हैस आणि ही एक लेक, एवढाच त्याचा संसार. त्याची आई केशरबाई होती तोवर तिनं हातभार लावला, पण भावना तिसरीत असताना तीही गेली. मग कारभारी दोन वेण्या घालायला शिकला. पहिल्या पहिल्या वेण्या अशा वाकड्या, की शाळेत पोरी हसायच्या. पुढं त्याचा हात असा बसला की गल्लीतल्या बाया आपल्या पोरी त्याच्याकडं पाठवायच्या आणि वर त्याची थट्टाही करायच्या. त्याला त्याचं काही नसे. लोकांनी दुसऱ्या लग्नाचं टुमणं लावून पाहिलं, तेव्हा मात्र तो उठून शेताकडं चालता होई.

भावनाच्या आईचं नाव नंदाबाई. भावना दोन महिन्यांची असताना ती काविळीनं गेली, असं लेकीला सांगितलेलं होतं. हे साफ खोटं होतं आणि अख्ख्या गावाला ते माहीत होतं. ज्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या गावानं ही एक गोष्ट वीस-बावीस वर्षं पोटात ठेवली. खरं म्हणजे नंदा भावनाला जन्म देऊन त्याच दिवशी गेली होती. दरसाल लेकीच्या वाढदिवशी कारभारी सकाळीच राजूरला गणपतीच्या दर्शनाला म्हणून निघे, शेतात जाऊन कावळ्यापुढं निवद ठेवी आणि संध्याकाळी केक आणी. केकचा घास मात्र त्याच्या घशाखाली उतरत नसे. भावना दरवर्षी रुसायची. बापाला गोड आवडत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

आता ती बाळंतपणाला आली, आणि आली ती पोटात बाळाबरोबर भीती घेऊनच.

गल्लीतल्या बायांनी त्यात तेल ओतलं. बाया आपापली बाळंतपणं अशी रंगवून सांगत, की ऐकणारीला घाम फुटावा, आणि सांगून झालं की वर म्हणत, "काही नसतं माय, घाबरायचं न्हाई बिलकुल." भावनानं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला आणि अर्ध्यातच बंद केला. तिचं जेवण कमी झालं. एकदा सकाळी कारभारी म्हैस पिळत होता, तर ती ओट्यावर येऊन बसली.

"आबा, लई दुखतं का हो?"

कारभारीचे हात थांबले. बापानं लेकीला काय सांगावं? असल्या गोष्टी आईनं सांगायच्या असतात, तिला जवळ घेऊन, केसांवरून हात फिरवत. त्यानं घसा खाकरला.

"आपली म्हैस व्याली तव्हा तू व्हतीस की. जराशी हंबरली, अन् मंग उठून वैरणीला लागली."

"म्या काय म्हैस हाय का, आबा?"

दोघंही हसले. पण हसून झाल्यावर तिचे डोळे पुन्हा तसेच, आणि कारभारीला आपल्या अडाणीपणाची चीड आली. एवढं मोठं विचारलं पोरीनं, आणि आपण तिला म्हैस दाखवली.

त्यानं त्याच्या परीनं केलं. तिला घेऊन भोकरदनच्या दवाखान्यात गेला, तिथल्या सिस्टरला हात जोडून म्हणाला, "हिला ती खोली दावा, जिथं बाळंतपण होतं. एकदा पाह्यली की भ्या कमी होईल." सिस्टर हसली, पण तिनं दाखवली. खाट, दिवा, बाळाला ठेवायची पेटी. कळ आली की तोंडानं श्वास कसा सोडायचा तेही शिकवलं. परतताना एसटीत भावना फू फू करून दाखवत होती आणि पुढच्या सीटवरची म्हातारी वळून वळून बघत होती. बरेच दिवसांनी लेक पोटभर जेवली.

मग डोहाळजेवण आलं आणि सगळं पाण्यात गेलं.

आईच नाही म्हणून गल्लीतल्या बायांनीच ते घातलं. झाडाला झोका बांधला, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं हौसेनं. शेजारची चांगुणाबाई ओटी भरायला उठली. म्हातारीचं वय झालेलं, डोळ्यांत पाणी आलेलं. भावनाच्या पदरात नारळ घालता घालता ती बोलून गेली, "गजानना, हिच्या आईवानी नको करू रे बाबा हिचं. बिचारीनं लेकराचं तोंड पाह्यलं, अन् दिवस मावळायच्या आत गेली."

गाणं म्हणणाऱ्या बायांनी घाईघाईनं पुढचं कडवं उचललं. चांगुणाबाईनं तोंडावर हात ठेवला, पण बोलली ती बोलली.

भावनानं ओटी सांभाळून घरात नेली, फुलं काढली, आणि त्या दिवसापासून ती बापाशी बोलेना. ताट पुढं ठेवलं की दोन घास खाई. श्वासाचं फू फू बंद झालं. कारभारी दारात उभा राही, आत यायचा धीर होत नसे. शेवटी तीच बोलली, आणि जे बोलली त्यानं त्याच्या काळजाचं पाणी झालं.

"म्या मारलं ना आईला? अन् आता ह्ये मला मारंल." तिनं पोटावर हात ठेवला होता.

"न्हाई माय!" कारभारी तिच्यासमोर खालीच बसला. तो लेकीला लहानपणापासून माय म्हणायचा. "तू न्हाई मारलं. दुखण्यानंबी न्हाई मेली ती. आईक."

आणि आजवर स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगितलं.

अंगारकी चतुर्थी होती. नंदाचा बाप आजारी, म्हणून पहिलटकरीण असूनही ती सासरीच राहिलेली. सकाळी कळा सुरू झाल्या, सुईण आली. नंदा ओरडली, रडली, घरातल्या सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि दुपारी भावना झाली.

"तुला छातीशी धरून हासली ती. मला हाक मारून म्हनली, लेक झाली, जिलेबी आना. पेढे आनताल न्हाई तर, म्हनली. दुखनं सरलं व्हतं तिचं. सगळं सोसून झालं व्हतं."

तो राजूरला जिलेबी आणायला गेला. अंगारकीची गर्दी, मुंगी शिरायला जागा नाही. हलवायाकडं शिळी होती, म्हणून तो ताजा घाणा निघेपर्यंत थांबला. पहिल्या लेकीची जिलेबी, गरम नको का? इकडं नंदाचं रक्त जात होतं. सुईण म्हणाली, केशरबाई म्हणाली, जमलेल्या सगळ्याच म्हणाल्या, की ते खराब रक्त आहे, नऊ महिन्यांचं साठलेलं, जाऊ द्या, थांबवायचं नसतं. तिला गार वाटायला लागलं तेव्हा वर गोधडी घातली. कारभारी पुडा घेऊन दारात आला तेव्हा गोधडीखालची नंदा पांढरी पडलेली होती. जीपगाडीसाठी तो गावभर पळाला. गाडी मिळाली, पण तिच्यात नंदाला घालायची वेळ आलीच नाही.

"कुनी म्हनू ने तुला, की तुझ्यापायी आई गेली. म्हनून कावीळ सांगतली. गावाच्या पाया पडलो म्या त्याच्यासाठी."

भावना बराच वेळ रडली. मग तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि विचारलं, "म्हंजी दुखनं तिनं सोसलं व्हतं?"

"सोसलं. मर्दिनीवानी सोसलं."

"मंग म्याबी सोसते," ती म्हणाली. भीती गेली नव्हती, पण ती आता कळांची नव्हती, रक्ताची होती. पुढच्या खेपेला दवाखान्यात कारभारीनं सिस्टरला पहिलं वाक्य सांगितलं ते हेच, की हिच्या आईचं रक्त थांबलं नव्हतं. त्यानंतरही प्रत्येक खेपेला सांगितलं. सिस्टर म्हणाली, "आबा, लक्षात आहे माझ्या." तरी त्यानं पुन्हा सांगितलं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, कारभारी शेतात निघायच्या बेतात असताना. गाडी आधीच सांगून ठेवलेली. दहाच्या आत भावना दवाखान्यात होती. सूरज पाळीवर होता, त्याला फोन लागेपर्यंत दुपार झाली; मग तो मिलमधून तसाच मोटारसायकलवर निघाला.

पुरुषांना आत जाऊ देत नाहीत. कारभारी बंद दारापाशी उभा राहिला. आतली दुसरी एक बाई "आई गं, आई गं" करून ओरडत होती. सगळ्याच तशा ओरडतात. भावनाचा आवाज आला तेव्हा मात्र वऱ्हांड्यातल्या माणसांनी माना वळवल्या.

"आबा! आबा हो!"

आई म्हणायची सवयच नव्हती त्या पोरीला. कारभारीनं लाजलज्जा सोडली आणि दाराला तोंड लावून ओरडला, "हाव माय! हितंच हाय म्या! सोड श्वास!" ती हाक मारी, हा ओ देई. बाकावरचा एकजण हसला. कारभारीचं तिकडं लक्ष नव्हतं. दुपार कलली, त्याचा घसा बसला, तरी एकही हाक त्यानं रिकामी जाऊ दिली नाही.

मग बाळ रडलं. मुलगी झाली, आतून कुणीतरी सांगितलं.

आणि लगेच आत धावपळ सुरू झाली. एक सिस्टर पळत गेली, मागून डॉक्टरीणबाई गेल्या. भावनाच्या हाका बंद झाल्या होत्या. कारभारीला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नंदाच्या वेळी तो दूर होता. आता तो दारात होता, आणि दारात असूनही त्याला काही करता येत नव्हतं. त्यानं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण नाव आठवेना.

दार उघडलं. ओळखीची सिस्टर घाम पुसत बाहेर आली.

"आबा, घाबरू नका. रक्त जरा जास्त जात होतं. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं. थांबलं."

"थांबलं?"

"थांबलं हो. बोलायला लागली लेक. चहा मागते."

कारभारीनं तिचे पाय धरायला वाकायला हवं होतं. पण तो तसाच उभा राहिला आणि त्यानं एक भलताच प्रश्न विचारला.

"ह्ये इंजेक्शन नवीन निघालं का, सिस्टर? हल्लीच?"

तिनं हो म्हणावं, असं त्याच्या जिवाला फार फार वाटत होतं.

"छे हो, जुनंच आहे. माझी आई नर्स होती, ती पण हेच द्यायची," सिस्टर म्हणाली आणि कामाला निघून गेली.

सूरज धापा टाकत पोचला तेव्हा सासरा वऱ्हांड्यात खाली बसून ओक्साबोक्शी रडत होता. जावयाला वाटलं, नातीचा आनंद झाला. त्यानं सासऱ्याला धरून उठवलं आणि दोघांना आत सोडलं तेव्हा आत नेलं. भावना पांढरीफटक, पण डोळे जागे. कुशीत गाठोड्याएवढी पोर.

"आबा, सिस्टर म्हनल्या रक्त जात व्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आईला ह्येच झाल्तं ना? मंग तिचं काहून न्हाई थांबलं?"

पुन्हा काहीतरी कावीळ सांगता आली असती. सूरज बघत होता, सिस्टर बघत होती.

"थांबलं असतं, माय," कारभारी म्हणाला. "हितं आनलं असतं तर थांबलं असतं. आमी आनलंच न्हाई तिला."

भावनानं बापाचा हात धरला. ती बोलायला गेली आणि रडायलाच लागली. बाळंतिणीला रडवू नका म्हणून सिस्टर रागावली, सूरजनं पाण्याचा ग्लास पुढं केला. कारभारीनं मान हलवली, डोळे पुसले. मग लेकीच्या कुशीतल्या पोरीकडं बघता बघता त्याच्या तोंडून निघालं, "नंदा गं," आणि तो पुन्हा रडायला लागला.