फळीवरचा गठ्ठा

आमच्या गल्लीत वह्या-पुस्तकं बांधणारे एक चाचा आहेत. दिवाळी आली की लोकांच्या उरलेल्या लग्नपत्रिकांच्या ते भेटीसाठी छोट्या डब्या करतात. छापलेली बाजू आत जाते. झाकण वरून सोडलं की सावकाश खाली बसलं पाहिजे. धपकन पडलं तर, "लय घाई करून राह्यलं हे," म्हणत चांगली दिसणारी डबीही ते रद्दीत टाकतात.

माझ्या मुलीचं लग्न ऐनवेळी मोडलं, तेव्हा छापून आलेल्या पत्रिका मी रागाने त्यांच्यापुढे आदळल्या. म्हटलं, "करा याच्या डब्या."

परवा डब्या घ्यायला गेले आणि एकेक उघडून आतली नावं वाचत बसले. तिचं नाव कुठेच नव्हतं. मग वरच्या फळीवर आमचा गठ्ठा दिसला. सुतळीही सोडलेली नव्हती. मला बरं वाटलं की राग आला, काही कळेना.

"चाचा, आमच्या पत्रिकांच्या नाही केल्या?"

"त्या ओल्या हायेत, भाभी. वाळून राह्यल्या," ते मान वर न करता म्हणाले.

पत्रिका मी दिल्या होत्या मे महिन्यात, यवतमाळच्या भर उन्हात.