मास्तर यायचे का थांबले

मास्तर आमच्या विज्ञानपटांच्या बैठकीला यायचे का थांबले, असं कोणी विचारलं की मी त्यांचे गुडघे पुढे करायचो. जिना चढवत नाही त्यांना, म्हणायचो. हे इतकी वर्षं सांगितलं की एकाने त्यांच्यासाठी तेलाची बाटलीही आणून दिली. मास्तरांचे गुडघे ठणठणीत होते. खरं कारण सांगायचं मी टाळत आलो, कारण ते कारण मीच होतो.

वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही काही निवृत्त माणसं जमायचो. प्रोजेक्टर माझ्या मुलाने दिलेला, पडदा म्हणजे भिंतीवरची चादर. मी कोर्टात कारकुनी केलेली, मास्तरांनी हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं. ते मिरजोळ्याहून स्कूटरने यायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धर्म घेतला होता, आणि मास्तरांनी तो नुसता घेतला नव्हता, वाचला होता. मला मात्र पडद्यावर यान उडालं की पुराण आठवायचं. परग्रहावरून कोणी उतरला की तो अवतार.

"भाऊ, तुम्हाला धूमकेतूतसुद्धा शेपटीवरून मारुती दिसेल," मास्तर म्हणायचे.

"दिसला तर नमस्कार करीन. तुमचं काय जातं?"

"माझं काही नाही. धूमकेतू लाजेल."

आमचा खरा वाद आत्म्यावरून चालायचा. सिनेमात माणसाच्या आठवणी यंत्रात भरल्या, की मी म्हणायचो, बघा, शरीर बदललं, आत मात्र तोच आहे. मास्तर म्हणायचे, आत कोण आहे ते दाखवा. भाट्याच्या खाडीला आपण रोज तीच खाडी म्हणतो, कालचं पाणी त्यात कुठे आहे? मला उत्तर सुचायचं नाही. पण हरायची वेळही यायची नाही, कारण वाद लांबू नये म्हणून एक नियम मीच केला होता. समारोप प्रोजेक्टरवाल्याने, म्हणजे मीच, करायचा आणि त्यानंतर कोणी बोलायचं नाही. मास्तर तो नियम शाळेच्या घंटेसारखा पाळायचे.

त्यांची मुलगी मुंबईत नर्सिंग शिकत होती. डेंग्यूच्या तापाने गेली. मी मिरजोळ्याला भेटून आलो होतो. मास्तर दोन महिने आले नाहीत, मग पुन्हा येऊ लागले, पूर्वीसारखेच खुर्ची भिंतीला टेकवून बसायचे. त्यानंतर वर्षभराने मी एक सिनेमा निवडला. एक बाप आपल्या मेलेल्या मुलीच्या आवाजाचं, सवयींचं यंत्र बनवून घेतो. कथा मला आधीच ठाऊक होती. तरी लावला. आत्म्याच्या वादात इतका चांगला पुरावा पुन्हा मिळणार नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मास्तरांचं काय होईल हे मनात आलंच नव्हतं असं म्हणालो, तर तेही खोटं होईल. आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं.

बाप हाक मारतो आणि आतल्या खोलीतून ते यंत्र मुलीच्या आवाजात "आले, बाबा" म्हणतं, त्या प्रसंगाला मास्तर रडले. आवाज न करता, पण सगळ्यांना दिसलं. दिवे लागल्यावर चर्चा झाली. मग मी समारोपाला उभा राहिलो.

"तुमच्यात आत्मा मानत नाहीत," मी हसत म्हणालो, "पण आज मास्तरांच्या डोळ्यांनीच साक्ष दिली. यंत्रात कोणी नसेल तर रडलात कोणासाठी?"

दोघं-तिघं हसले. ते 'तुमच्यात' ओघात आलं नव्हतं, मी ते वेचून घातलं होतं. मास्तरांनी नियम मोडला नाही. उठले, चादर काढायला नेहमीसारखा हात लावला, घडी केली.

खाली मी त्यांच्या मागोमाग गेलो. ते हेल्मेट घालत होते.

"भाऊ, आत्मा मानत असतो तर बहुतेक रडलो नसतो," ते म्हणाले. "कुठेतरी आहे ती, असं वाटलं असतं. ती कुठेच नाही, म्हणून रडलो."

"मास्तर, पुढच्या वेळी हलकंफुलकं लावू," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि स्कूटर सुरू केली. ते पुन्हा आले नाहीत.

मी त्यांच्याकडे एकदा गेलो, ठरवून. त्यांच्या पत्नीने चहा आणि घावणे केले. मास्तरांनी आंब्याच्या मोहोराचं विचारलं, मी आमच्या पावसच्या बागेचं सांगितलं. तासभर बसलो. मुलीचा फोटो समोरच होता आणि मी त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतली होती. ते फाटकापर्यंत सोडायला आले, थोडा वेळ थांबलेही. मी गाडीची किल्ली चाचपत राहिलो.

गेल्या वर्षी मास्तर गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. ते किती मार्मिक बोलायचे, किती काटेकोर होते, असं मी बोललो. नंतर त्यांची पत्नी जवळ येऊन म्हणाली, "तुमच्याशी वाद घालायला त्यांना आवडायचं. मीच म्हणायचे, जा की. जायचेच नाहीत." मी तिलाही खरं सांगितलं नाही.

त्या फाटकाशी मला एवढंच म्हणायचं होतं: मास्तर, तुम्ही मुलीसाठी रडत होतात हे मला कळलं होतं. कळूनही मी वाद जिंकायला उभा राहिलो. मला माफ करा.