जुन्या दुखण्याने पकडून दिलेली गाठ

दोन हजार चार-पाच साली मी धसईला शिकवत होतो. एकदा मुरबाडहून एसटीत एक साठीचा अनोळखी माणूस शेजारी बसला. श्वास तोकडा, पण बोलायची भारी घाई. बसल्याबसल्या त्याने छातीच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"बघा गुरुजी, डाग नाय," माझ्या हातातल्या वह्या बघून तो म्हणाला.

त्याने आयुष्यभर खाणीत दगड फोडले होते. धुळीने फुप्फुसं कडक झाली, म्हणून दरवर्षी तपासणी व्हायची. गेल्या वर्षी तिच्यातच कॅन्सरची बारीक गाठ दिसली. असल्या फुप्फुसांना ऑपरेशन झेपेल का, याची डॉक्टरांनाच धास्ती होती. तरी याने होकार दिला, आणि हातातली फिल्म त्या ऑपरेशननंतरची होती.

"जुनं दुखणं नसतं तर तपासाया कोण गेलं असतं? त्यानंच नव्याला पकडून दिलं," तो म्हणाला. "दम लागतोच अजून. पण गाठ गेली."

धसईला त्याची बायको उभी होती. उतरताच तो सांगायला गेला, पण धापेपुढे शब्द फुटेना.

"आधी दम खा," ती म्हणाली. "तोंडावरूनच कळलं मला."

तो इतका हसला की आणखी धाप लागली. शाळेत पोचल्यावर मी पहिली ती बातमीच सगळ्यांना सांगितली, माझ्याच घरची असल्यासारखी.