भरमूनं विझवलेली आरती

बोरगावात कुणाला टोपणनाव ठेवायला फारसं कारण लागत नाही. भरमूला मात्र लोक ‘दगड’ म्हणत, आणि त्याला कारण होतं. पारिसा शेठजींची तंबाखूची लॉरी तो सात वर्षं चालवत होता, पण त्याला हसताना किंवा कुणावर डाफरताना गावानं पाहिलं नव्हतं. लग्नाचं विचारलं की ‘बघू’ म्हणायचा. आई गेली त्या दिवशी तिला पोचवून आला, अंघोळ केली आणि लॉरीच्या चाकात हवा भरायला बसला. लोक म्हणाले, अहो, दगडाला निदान शेंदूर तरी लागतो!

लोकांचं काय जातं म्हणायला! बेळगावला कँपात शामू मेस्त्रीच्या कारखान्यात होता तेव्हा हाच भरमू गाडीखाली उताणा पडून तारस्वरात गाणी म्हणायचा. थोरला भाऊ आण्णाप्पा आधी तिथं कामाला लागला आणि मग त्यानं धाकट्याला ओढून नेलं. दोघं मोटारीचं काम शिकले. शामू मेस्त्री मारकुटा होता, पण शिकवायचा जीव तोडून. भरमूला बॅटऱ्यांच्या फळीशी उभं करून त्यानं कान पिळत सांगितलं होतं, “चार्जिंगला लावली की हिच्यातनं वायू निघतोय. दिसत न्हाय, वास येत न्हाय. ठिणगी पडली की बार उडतोय. हितं बिडीसुदिक न्हाय. कळलं?”

भरमूला कळलं होतं. सगळं पुढं बिघडलं ते कळूनसुद्धा.

सदतीस साली खंडेनवमीला मेस्त्री आपल्या गावी गेला होता. कारखान्यातली हत्यारं धुऊन-पुसून मांडली, त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. रात्रभर चार्ज केलेल्या सहा बॅटऱ्याही झाकणं उघडी असतानाच मानानं पुढच्या रांगेत बसल्या. त्यांच्याच जोरावर पोट चालतं, मग त्यांना मागं कसं ठेवायचं? वाऱ्यानं कापूर विझू नये म्हणून दारं लोटून घेतली. आरतीचं ताट वडीलधारा म्हणून आण्णाप्पाच्या हातात आलं. दहाजण टाळ्या वाजवत आरती म्हणू लागले.

ताट हत्यारांवरून फिरत फिरत बॅटऱ्यांकडं सरकलं, ते भरमूनं पाहिलं. मेस्त्रीचं बोलणं लख्ख आठवलं. पण चालती आरती थांबवायची कशी? वर्षभराचा अपशकुन, आणि दहाजणांत सगळ्यात लहान तो. आता संपेल, आता संपेल, असं मनात म्हणत तो टाळ्या वाजवत राहिला.

बार उडाला. अॅसिड आण्णाप्पाच्या तोंडावर आलं आणि दोन्ही डोळे गेले. भावाचं तोंड भरमूनं नुसत्या हातानं पुसलं, त्यात त्याचा डावा तळवा असा जळाला की पुढं त्याला ऊन-गार काही कळेनासं झालं. नुसता तळवाच नव्हे, सगळा माणूसच तसा झाला. दोघं बोरगावला परतले. आण्णाप्पा ओसरीवर बसून दोर वळू लागला. रोज संध्याकाळी भरमू त्याच्यासमोर बसून पीळ धरायचा. ‘मला ठाऊक हुतं’ हे तीन शब्द नऊ वर्षं भरमूच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. आण्णाप्पानंही कधी काही विचारलं नाही.

शेहेचाळीस सालच्या चैत्रात एका सकाळी भरमू निपाणीहून लॉरी घेऊन शेठजींच्या दारात आला, तर अंगणात बायकांची धावपळ. शेठजींची सून चंपाबाई दोन दिवस अडली होती. मूल आडवं आहे, मिरजेच्या दवाखान्यात न्या, माझ्या हातात आता काही नाही, असं सुईण सांगून मोकळी झाली होती. शेठजींची मोटार दारातच होती, पण पेट्रोलच्या टंचाईत दीड महिना जागची हलली नव्हती. चंपाबाईला मागच्या सीटवर निजवल्यावर सगळ्यांना कळलं की बॅटरी पार बसली आहे. हँडल मारून मारून दोन गडी घामाघूम झाले. बॅटरीत जीवच नाही तर ठिणगी पडणार कुठून?

“लॉरीतनंच नेऊ या?” शेठजी म्हणाले.

“वाटंत खड्डे लई हाईत, शेठजी. वाटंतच जाईल ती,” भरमू म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून शेठजींनी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं लॉरी मोटारीच्या शेजारी आणली. दोन्हींचं लोखंड एकमेकांना लागणार नाही एवढी फट ठेवून उभी केली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही बॅटऱ्या सहा व्होल्टच्या आहेत, दोन्हींची उणे बाजू लोखंडाला जोडलेली आहे, हे डोळ्यांनी पाहून घेतलं. मोटारीची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखाली होती. फळी काढून त्यानं ती उघडी केली, दारं सताड उघडली आणि जाड तांब्याच्या दोन तारा घेतल्या. पहिली तार बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, तिचं दुसरं टोक लॉरीच्या अधिक टोकाला. दुसरी तार लॉरीच्या उणे टोकाला. राहिलं शेवटचं टोक. ते बॅटरीला लावायचं नाही, लांब इंजिनच्या लोखंडाला लावायचं. ठिणगी पडलीच तर तिथं पडू दे. हात आपोआप चालले होते. मागं चंपाबाई विव्हळत होती आणि भरमूला ते ऐकू येत होतं, पण वाटत काहीच नव्हतं. लोक म्हणत ते खरंच असावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

त्यानं लॉरी सुरू केली. मोटारीची बॅटरी आता चार्जिंगला लागली होती; थोडा वेळ ताकद इकडून तिकडं जाऊ द्यायला हवी होती. तेवढ्यात शेठजींच्या आई, लक्ष्मीबाई, ताट घेऊन आल्या. ताटात कापूर पेटलेला. पोटुशी सून उंबऱ्याबाहेर निघाली, तिला आणि गाडीला ओवाळल्याशिवाय कशी सोडायची? बायकांनी आरती धरली. लक्ष्मीबाईंनी ताट आधी गाडीच्या तोंडापुढं फिरवलं, मग पुढच्या उघड्या दाराशी येऊन वाकल्या. तिथून सुनेपर्यंत हात पोचवायचा तर ताट नेमकं त्या उघड्या बॅटरीवरून जाणार होतं.

“अव्वा, थांबा,” भरमू म्हणाला. ते कुणाला ऐकू गेलं नाही. आरती चालूच होती.

ताट आणखी खाली आलं. भरमूनं पुढं होऊन डावा हात घातला आणि पेटलेला कापूर मुठीत धरून विझवला.

आरती थांबली. “मेल्या!” लक्ष्मीबाई किंचाळल्या, “माझ्या नातसुनंची आरती विझवलास! काय बरंवाईट झालं तर तुझ्या डोक्यावर!”

“असू दे,” भरमू म्हणाला. “सगळी मागं सरा. जाळ गाडीजवळ आणायचा न्हाय.”

त्यानं बटण दाबलं. इंजिन एकदा कण्हलं, दोनदा कण्हलं आणि सुरू झालं. लावताना जी तार शेवटी लावली होती ती आधी काढली, मग बाकीच्या उलट क्रमानं. बॅटरीवर फळी टाकली. शेठजी मागं सुनेजवळ बसले. भरमूनं मिरजेपर्यंत इंजिन कुठंही बंद पडू दिलं नाही.

चंपाबाई वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरमू परतला तोवर गावानं हिशेब लावून टाकला होता: आरती विझली, मूल गेलं. दोन दिवस आडवं अडकलेलं मूल होतं, हे कोण ध्यानात घेतो! लॉरीची किल्ली शेठजींनी काढून घेतली नाही, एवढंच. पण अंगणात त्याच्यापुढं येणारा चहा त्या दिवशी आला नाही. पुढं कधीच आला नाही.

भरमू घरी येऊन नेहमीसारखा आण्णाप्पासमोर बसला. पीळ धरला. मग म्हणाला, “अण्णा, मी आरती थांबवली.”

“ऐकलं मी. बाई जगली न्हवं?”

“जगली.”

“मग झालं की.”

“झालं न्हाय. बेळगावात मला ठाऊक हुतं, अण्णा. मेस्त्रीनं सांगितलं हुतं. ताट खाली येताना बघत हुतो मी. गप बसलो.”

आण्णाप्पाचे हात दोर वळतच राहिले. “आनि मला कुणी सांगितलं नव्हतं व्हय? तुझ्या आदुगर वरीसभर मी त्याच्याजवळ हुतो. कान पिळूनच सांगितलं हुतं.”

“मग?”

“मग काय? ताट माझ्या हातात. दहाजण म्हणायल्यात. बॅटऱ्या फुडं, देव फुडं. मलाबी वाटलं, आता संपंल.”

नऊ वर्षांचं ओझं उतरल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. भरमूला हलकं वाटलं नाही. राग आला नाही, रडू आलं नाही. आपण दोघं रोज संध्याकाळी एकाच दोराची दोन टोकं धरून बसत होतो, एवढंच कळलं.

“हात आण हिकडं,” आण्णाप्पा म्हणाला.

भरमूनं डावा हात पुढं केला. आण्णाप्पानं तळव्यावरून बोटं हळूच फिरवली, मधोमध थांबवली. तिथं रुपयाएवढा फोड आला होता.

“केवढं भाजलंय रं!”

“व्हय? मला कळलं न्हाय.”

“मला कळतंय,” आण्णाप्पा म्हणाला, आणि दोर बाजूला ठेवून त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.